पहिल्या रकान्यातलं वेड

सीईटीचा निकाल लागला की जयसिंगपुरात गल्लीगणिक सल्ला मिळतो आणि तो बहुतेक एकच असतो. पर्सेंटाइल बघून पर्याय भर, झेपेल ते कॉलेज पहिल्या नंबरला टाक, उगाच सीओईपी-व्हीजेटीआय लिहून फॉर्म वाया घालवू नकोस. तरीही एखादं पोर ८८ पर्सेंटाइल हातात घेऊन पहिल्या रकान्यात पुण्याचं सीओईपी लिहितं. दुसऱ्यात मुंबईचं व्हीजेटीआय, तिसऱ्यात सांगलीचं वालचंद. नेट कॅफेतला माणूस मान वर करून विचारतो, "नक्की?" मागं उभे असलेले काका म्हणतात, "येडंच हाय."

मला या येड्याचं कौतुक करायचं आहे. त्याच्यासारख्या इतरही काहींचं करायचं आहे, कारण प्रवेशाच्या दोन-तीन महिन्यांत आपला गाव ज्यांना मूर्ख म्हणतो त्यांच्याइतकं नीट कुणी वागत नाही.

आधी यंत्र काय करतं ते बघू. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅप फेरीत, संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. त्याच्या यादीतला सगळ्यात वरचा पर्याय, जिथं त्याच्या प्रवर्गातली जागा शिल्लक आहे, तो त्याला देतो. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तुमचा नंबर येतो तेव्हा तुमची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली मोकळी जागा तुमची होते. सीओईपी पहिल्या नंबरला लिहिलं आणि ते मिळालं नाही, तर संगणक पुढच्या ओळीवर जातो. तुम्ही वालचंद पहिल्या नंबरला लिहिलंत की चौदाव्या, हे वालचंदला कळत नाही आणि त्यावर तुमचा हक्क वाढतही नाही, कमीही होत नाही. यादीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. म्हणजे वरच्या दोन-चार ओळींत अशक्य वाटणारी नावं लिहिल्याचा खर्च शून्य आहे.

मग नुकसान कुणाचं होतं? ज्यानं 'झेपेल ते' पहिल्या नंबरला लिहिलं त्याचं होतं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की ती जागा ऑटो फ्रीझ होते. ती घेतली तरी पुढच्या फेऱ्या बंद आणि नाकारली तरी बंद. २०२५ मध्ये चार फेऱ्या झाल्या. त्यात दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही पर्याय मिळाला की फ्रीझ आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. या नियमाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. वरच्या ओळींत जे लिहाल ते खरोखर हवं असलंच पाहिजे, कारण तिथं मिळालेलं परत करता येत नाही. ज्या मुलाला मनातून वालचंद हवं होतं पण सल्ला ऐकून ज्यानं दुसरंच कॉलेज पहिल्या ओळीत टाकलं, त्याला ते पहिल्याच फेरीत मिळतं. घरात पेढे वाटले जातात. दोन फेऱ्यांनंतर वालचंदची त्याच शाखेची कटऑफ खाली येते, त्याच्यापेक्षा मागं असलेल्या मुलाला जागा मिळते आणि याला ती बघत बसावं लागतं. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी तितकंच वाईट वाटतं, कारण त्या पोराची चूक एवढीच असते की त्यानं मोठ्यांचं ऐकलं.

कटऑफ म्हणजे भिंत नव्हे. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं एका शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढून टाकली, तेव्हापासून अनेक ठिकाणी संगणक आणि त्याच्या शेजारच्या शाखांच्या जागा वाढल्या. काही मुलं जेईईच्या जोरावर राज्याबाहेर जातात, काही मेडिकलकडं वळतात, काही फेऱ्यांच्या मध्येच बाहेर पडतात. गेल्या वर्षीची पीडीएफ बोटानं ओढून 'इथं तुझं जमणार नाही' असं सांगणारा माणूस गेल्या वर्षाचं बरोबर सांगत असतो. येड्याला यंदाचं भरायचं असतं.

आपल्या गावाला हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते तेव्हा गळीत हंगामाची पहिली मागणी व्यासपीठावरून पूर्ण सांगितली जाते. कारखाने तेवढं देतील की नाही याचा हिशोब करून कुणी तिथंच आकडा खाली आणत नाही. पुढं वाटाघाटी होतात, आकडा उतरतोही, पण पहिला आकडा आपल्या मनातला असतो. त्याच मैदानातून घरी आलेला बाप पोराचा पर्याय अर्ज भरताना मात्र पहिल्याच ओळीत तडजोड लिहायला सांगतो.

हे फक्त आपल्याकडं घडतं असंही नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशांवर एक छोटा निबंध लिहिला. मुलांनी आपली खरी आवड क्रमानं लिहावी आणि तसं लिहिल्यामुळं कुणाचं नुकसान होऊ नये, अशी वाटपाची पद्धत त्यातून पुढं उभी राहिली. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळांचं वाटप बरीच वर्षं वेगळ्या पद्धतीनं होत असे. तिथं पहिल्या पसंतीला खरंच जास्त वजन होतं, त्यामुळं खरी आवड वर लिहिणारं आणि ती शाळा न मिळालेलं मूल दुसऱ्या शाळेच्या रांगेतही मागं पडायचं. माहीतगार पालक एकत्र बसून डावपेच ठरवायचे. ज्यांना तसे मित्र नव्हते त्यांची मुलं मागं राहायची. २००५ मध्ये बॉस्टननं ती पद्धत सोडली. या विषयावर काम केलेल्या अल्विन रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली कॅप फेरी डावपेचांच्या नव्हे, खऱ्या आवडीच्या बाजूची आहे. नेट कॅफेतल्या पोरानं गेल-शॅप्लीचं नाव ऐकलेलं नसतं, तरी त्याच्या हातून बरोबर तेच होतं, कारण त्यानं यादीत फक्त खरं लिहिलं.

अकरावीतही हेच आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या दहावी झालेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी पहिल्यांदाच प्राधान्यक्रम भरला. तिथं पर्याय दहाच आहेत आणि पहिला मिळाला तर तो घ्यावा लागतो. दहाच असल्यामुळं सगळ्या दहा ओळी स्वप्नांनी भरून चालत नाही. खालच्या तीन-चार ओळींत नक्की मिळेल असं काहीतरी हवं. वेडेपणा वरच्या ओळींत करावा, खालच्या ओळींत करू नये, एवढीच एक अट मला मान्य आहे.

आता दुसऱ्या येड्याकडं येते. याला पहिल्याच परीक्षेत बरे गुण पडलेले असतात, तरी तो पुन्हा परीक्षेला बसतो. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते आणि त्यातला चांगला स्कोअर धरला जातो. आता पीसीएम, पीसीबी आणि एमबीएची सीईटीही २०२६ च्या प्रवेशापासून दोनदा घ्यायचं ठरलं आहे आणि तिथंही चांगले गुणच धरले जातील. दुसऱ्यांदा बसणं ऐच्छिक आहे. म्हणून गल्लीत विचारलं जातं, "९६ पडलेत की, आता परत कशाला? पैसे जास्त झालेत व्हय?"

पर्सेंटाइलचा अर्थ धरला तर हा प्रश्नच उरत नाही. २०२५ मध्ये पीसीएमची सीईटी चार लाखांहून अधिक मुलांनी दिली. म्हणजे एका पर्सेंटाइलच्या अंतरात चार हजारांवर मुलं उभी आहेत. ९६ वरून ९७ वर जाणं म्हणजे एवढ्या सगळ्यांना ओलांडणं. टक्केवारीच्या सवयीनं बघणाऱ्याला तो एक गुण वाटतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि दोनशेपैकी शंभर गुण गणिताचे असतात. पहिल्यांदा तीन तास संगणकासमोर बसून वेळ कुठं गेला हे ज्या मुलाला कळलं, त्याला दुसऱ्यांदा ते वापरता येतं. आणि पहिली परीक्षा नेहमी मुलाच्याच चुकीनं बिघडते असं नाही. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांमध्ये चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा झाली. पन्नास प्रश्नांच्या पेपरात एकवीस चुका समोर आल्यावर सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या मनाचं काय होतं, हे त्या दिवशी केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आईबापांनी बघितलं असेल. पुन्हा बसण्याची संधी मिळाली तर ती घेणाऱ्याला हावरट म्हणू नये.

तिसरं वेड सगळ्यात धाडसाचं आहे आणि ते कमी गुण मिळालेल्यांचं आहे. ४१ पर्सेंटाइल मिळालेला मुलगा कॅपची नोंदणी करतो. घरात कुणाला सांगावंसं वाटत नाही, मावशीचा फोन आला की फोन आतल्या खोलीत नेला जातो, पण तो मात्र कागद घेऊन जातो आणि आकडा टाइप करतो. बहुतेक मुलं इथंच थांबतात. एवढ्या मार्कांत काय मिळणार, असं स्वतःशीच म्हणून नोंदणीची मुदत निघून जाऊ देतात. नियम काय आहे? बारावीला विज्ञानाच्या ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण. बस्स. पात्र कोण हे नियमानं ठरवलं आहे, ते पोरानं लाजेनं ठरवायचं नाही.

गुण लपवण्याचा हा मोह किती महाग पडतो याचा एक ठोस पुरावा दूरच्या देशातून आला आहे. अमेरिकेत कोरोनाच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण कळवणं ऐच्छिक केलं. एमआयटीनं २०२२ मध्ये ते पुन्हा सक्तीचं केलं. डार्टमथ कॉलेजनं फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच निर्णय घेतला आणि त्यामागं तिथल्या प्राध्यापकांचा अभ्यास होता. त्यात आढळलं की कमी उत्पन्नाच्या, कमी सोयींच्या शाळांतून आलेली मुलं १६०० पैकी १४०० च्या आसपासचे गुण पाठवत नव्हती. त्यांना ते कमी वाटत होते. प्रवेश समिती मात्र मुलाची शाळा आणि परिस्थिती बघून तेच गुण त्याच्या बाजूनं मोजणार होती. पाठवले असते तर त्यांची प्रवेशाची शक्यता वाढली असती. ज्यांच्या घरात विचारायला कुणी नव्हतं तीच मुलं गप्प राहिली.

तिथं गुण पाठवायच्या वेळेचाही एक पेच आहे. परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत चार विद्यापीठांची नावं दिली तर गुण फुकट पाठवले जातात, पण निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे फुकट पाठवायचे तर न बघता पाठवायचे. बघून पाठवायचे तर प्रत्येक विद्यापीठामागं पैसे मोजायचे. २००९ पासून कुठल्या परीक्षेचे गुण पाठवायचे ते निवडताही येतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही मग बैठका होतात आणि तिथलेही काका सांगतात की आधी बघ, मग पाठव. आपल्या पोरांचं या बाबतीत बरं आहे. सीईटीचे गुण सीईटी सेलकडं आपोआप पोचलेले असतात. पोरानं फक्त नोंदणी करायची असते आणि तेवढंच करायला हिंमत लागते.

चौथं वेड आयांचं. मूल बारावीच्या सरावपरीक्षांत असताना जानेवारीतच एखादी आई शिरोळच्या तहसीलमध्ये चकरा मारायला लागते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर, जात पडताळणीचा अर्ज. निकालाचा पत्ता नाही आणि हिची धावपळ बघून शेजारीण म्हणते, "काकी, बारसं आधी आन् लगीन मागनं?" पण जूनच्या शेवटी सेतू केंद्राबाहेरची रांग बघा. दाखल्याची तारीख एक दिवस मागंपुढं झाली की प्रवर्ग जातो, प्रवर्ग गेला की गुणवत्ता यादीतली जागा जाते आणि खुल्या वर्गातून पुन्हा मोजणी सुरू होते. दोन वर्षं घासलेलं पोर एका कागदावरून मागं पडतं. कुणी हे सोसलेलं घर जवळून बघितलं असेल तर तो जानेवारीतल्या आईला हसणार नाही.

आणि आपल्या तालुक्याला आणखी एक कारण आहे. कॅपच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टात चालतात आणि कृष्णा-पंचगंगेचं पाणीही तेव्हाच चढतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर शिरोळ तालुका विसरलेला नाही. रस्ते बंद, वीज नाही, माणसं छावणीत आणि कागद माळ्यावरच्या ट्रंकेत. ज्या घरानं वेळेवर सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि नातेवाइकांच्या मेलवर ठेवलेलं असतं, त्या घराला त्या आठवड्यात निदान हा एक घोर नसतो.

पाचवा येडा म्हणजे जो बाप जूनमध्ये जागा 'पक्की' करत नाही. निकालाच्या आठवड्यात फोन येतात की संस्था स्तरावरची जागा आहे, आत्ताच पैसे भरा, नंतर मिळणार नाही. ऊसबिलाचे पैसे संपलेले असतात आणि पुढचा हंगाम दिवाळीच्या आसपास. तरी सोनं गहाण ठेवून माणसं भरतात, कारण शहाणपण म्हणजे हातात काहीतरी असणं असं आपण मानतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ती सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या जागेला नाही. घाईनं भरलेले पैसे म्हणजे त्या मुलीच्या चार वर्षांच्या माफीवर सोडलेलं पाणी. फेऱ्या संपेपर्यंत थांबणाऱ्या बापाला लोक भित्रा म्हणतात, बेफिकीर म्हणतात. तो फक्त नियम वाचून थांबलेला असतो आणि थांबणं त्याला सोपं जात नाही, हे त्याच्या तोंडाकडं बघून कळतं.

शेवटचं वेड मला सगळ्यात प्रिय आहे. ९८ पर्सेंटाइलची मुलगी यादीत पहिल्या ओळीला वालचंदचं सिव्हिल लिहिते. संगणक शाखा कुठंतरी नक्की मिळत असताना. तिला पूल बांधायचे असतात. किंवा मुंबई सहज मिळत असताना एखादी आजारी आजीजवळ राहायचं म्हणून जयसिंगपुरातलंच डॉ. जे. जे. मगदूम अभियांत्रिकी महाविद्यालय पहिल्या नंबरला लिहिते. किंवा याच्या उलट, घरातून आजवर कुणी सांगलीपलीकडं शिकायला गेलेलं नसताना एखादी व्हीजेटीआय लिहिते आणि वसतिगृहाचा अर्जही भरून ठेवते. तिघींच्याही यादीवर गल्लीत चर्चा होते. या गावाला जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव देणाऱ्या शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. खेड्यातल्या पोरानं घर सोडून शिकायचं, हे तेव्हाही कित्येकांना पटलेलं नव्हतं. या तिघी आज अर्जावर प्रवर्गाचा रकाना भरतात किंवा वसतिगृहाचा कागद जोडतात, त्यामागं त्या निर्णयांचा हात आहे.

आता कुणी म्हणेल की ८८ पर्सेंटाइलच्या त्या पोराला शेवटी सीओईपी मिळणार नाहीच. बहुधा नाहीच. व्हीजेटीआयही नाही. वालचंद अगदी थोडक्यात हुकेल किंवा कुठल्यातरी फेरीत लागेलही. समजा नाहीच लागलं आणि त्याला यादीतला चौदावा पर्याय मिळाला. तो चौदावा पर्याय म्हणजे काकांनी पहिल्या ओळीत लिहायला सांगितलेलं तेच कॉलेज, तीच शाखा, तीच फी. हातातली जागा स्वीकारून तो पुढच्या फेऱ्यांत बेटरमेंटसाठी, म्हणजे वरचा पर्याय मिळावा म्हणून, थांबला आणि दर फेरीला वरच्या तेरा दारांवर त्याचं नाव पुन्हा वाचलं गेलं. काकांचं ऐकलं असतं तर ते एकदाही वाचलं गेलं नसतं.